एप्रनच्या खिशातलं ग्रंथालय

मेडिकलच्या मुलांच्या एप्रनला खाली दोन मोठे खिसे असतात. त्या खिशांत काय आहे यावरून कुठलं दशक चालू आहे ते ओळखता येतं. स्टेथोस्कोप, टॉर्च आणि रिफ्लेक्स हॅमर हे जुने भाडेकरू. त्यांच्या शेजारी पूर्वी एक छोटी, जाड, कडा मळलेली वही असायची. औषधांचे डोस, लहान मुलांच्या वजनानुसार सलाइनचा हिशोब, सिनियरनं राउंडमध्ये सांगितलेली एखादी युक्ती, ब्लड बँकेचा एक्स्टेन्शन नंबर, सगळं त्या वहीत. अमेरिकेतल्या रेसिडेंट डॉक्टरांनी या वहीला 'पेरिफेरल ब्रेन' असं नाव दिलं होतं. म्हणजे डोक्याबाहेर ठेवलेला मेंदू.

आज त्या खिशात फोन असतो. वहीपासून फोनपर्यंतचा हा प्रवास कंपन्यांचा आणि गॅजेट्सचा म्हणून सांगितला जातो. पण त्यात आणखी एक मंडळी होती, जी फोटोत दिसत नाहीत. ती म्हणजे मेडिकल कॉलेजांच्या ग्रंथालयातली माणसं. मी त्यांच्यातलीच एक. 'आता सगळं फोनवर मिळतं, मग तुमचं काम काय उरलं?' हा प्रश्न मला लग्नकार्यांत हमखास विचारला जातो. पंगतीत बसून त्याचं उत्तर देता येत नाही, कारण ते दीडशे वर्षांचं आहे. म्हणून इथे लिहितेय.

यादी करणारा सर्जन

१८६० साली अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जॉन शॉ बिलिंग्ज नावाचा विद्यार्थी डॉक्टरकीच्या पदवीसाठी प्रबंध लिहीत होता. विषय होता अपस्मार, म्हणजे फिट येण्याच्या आजारावरची शस्त्रक्रिया. जगात कुणी कुणी अशा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याला ग्रंथालयामागून ग्रंथालयं पालथी घालावी लागली. माहिती होती, पण ती कुठे आहे हे सांगणारं काहीच नव्हतं.

पुढे यादवी युद्धात तो लष्करी सर्जन झाला. युद्ध संपल्यावर वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या कार्यालयाचं छोटं ग्रंथालय त्याच्या हाती आलं. त्यानं ते वाढवलं आणि १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं. जगभरातल्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापून आलं याची विषयवार यादी, दर महिन्याला. हेच ग्रंथालय आजची अमेरिकेची 'नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन', आणि तुम्ही फोनवर जे पबमेड उघडता ते याच यादीचं पणतवंड.

यादीनं मोठा प्रश्न सोडवला, पण एक शिल्लक राहिला. यादी वाचनालयाच्या टेबलावर आणि पेशंट वॉर्डातल्या खाटेवर. मधलं अंतर कुणी आणि कसं कापायचं?

१९६४ साली ही यादी संगणकावर गेली. १९७१ साली मेडलाइन आलं आणि टेलिफोनच्या तारांवरून दूरच्या शहरातून शोध घेता येऊ लागला. पण शोध घ्यायचा तो प्रशिक्षण घेतलेल्या लायब्ररियननं. डॉक्टर आपला प्रश्न सांगून जायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

त्याच १९७१ साली कॅन्सस सिटीत मिसुरी विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात गर्ट्रूड लॅम्ब या ग्रंथपालांनी वेगळीच सुरुवात केली. डॉक्टर ग्रंथालयात येत नाहीत ना, मग ग्रंथपालच राउंडला जाईल. डॉक्टरांच्या घोळक्यात एक ग्रंथपाल उभा राहायचा, खाटेशी निघालेले प्रश्न टिपून घ्यायचा, ग्रंथालयात जाऊन लेख काढायचा आणि परत वॉर्डात आणून द्यायचा. माझ्या मते मोबाइल ग्रंथालयाची गोष्ट इथे सुरू होते. तेव्हा उपकरण नव्हतं. ग्रंथपालच चालत होता.

कॉरिडॉरमध्ये विरणारे प्रश्न

ही धडपड कशासाठी, हे १९८५ साली आकड्यांत दिसलं. लॉस एंजेलिसमधल्या ४७ डॉक्टरांच्या दवाखान्यांत जाऊन संशोधकांनी त्यांना पडणारे प्रश्न नोंदवले. साधारण दर तीन पेशंटमागे दोन प्रश्न निघत होते. या पेशंटला हे औषध चालेल का? ही तपासणी आत्ता करावी का? त्यातल्या जेमतेम ३० टक्के प्रश्नांना पेशंट समोर असताना उत्तर मिळत होतं, आणि तेही बहुतेकदा दुसऱ्या डॉक्टरला विचारून. बाकीच्यांचं काय? पुस्तक जुनं, जर्नलमधलं नेमकं पान सापडत नाही, वेळ नाही. प्रश्न कॉरिडॉरमध्येच विरायचा.

मग १९९८ साली ऑक्सफर्डहून एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तो मला फार आवडतो. पुराव्यावर आधारित वैद्यकाचे मोठे पुरस्कर्ते डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकारी शॅरन स्ट्रॉस यांनी एक ढकलगाडी तयार केली. तिच्यावर लॅपटॉप, प्रोजेक्टर, सीडीवरचे डेटाबेस, काही पुस्तकं. नाव दिलं 'एव्हिडन्स कार्ट', पुराव्यांची गाडी. महिनाभरात या गाडीवर ९८ शोध घेतले गेले. त्यातले ७९ शोध निदान किंवा उपचार बदलू शकतील अशा प्रश्नांसाठी होते, आणि त्या ७९ पैकी ७१ वेळा उत्तर सापडलं. १६ वेळा तर आधी ठरवलेली गोष्ट दुरुस्त करावी लागली.

मग त्यांनी गाडी काढून घेतली. आता प्रश्न पडले ४१, आणि त्यातल्या फक्त ५ प्रश्नांसाठी कुणी उठून शोध घेतला.

तेच डॉक्टर आणि तेच रुग्णालय. ज्ञानही तितकंच उपलब्ध, फक्त काही पावलं लांब गेलेलं. मी नवीन मुलांना ग्रंथालयाची ओळख करून देते तेव्हा हा ४१ आणि ५ चा आकडा फळ्यावर लिहिते. आळशीपणावर भाषण द्यायला नाही. अंतर कमी करणं हेच आमचं काम आहे, हे सांगायला.

पाम नावाचा चिमुकला पाहुणा

ऑक्सफर्डची गाडी एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंत न्यायला अवजडच होती. पण तोवर अमेरिकेत खिशात मावणारी गाडी बाजारात आली होती. १९९६ साली 'पाम पायलट' आलं. त्याचा निर्माता जेफ हॉकिन्स यंत्र तयार होण्याआधी त्याच आकाराचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून फिरायचा, आणि मीटिंगमध्ये तो काढून त्यावर टिपणं घेतल्याचं नाटक करायचा. खिशाला काय पेलतं, हे आधी ठोकळ्यानं ठरवलं.

पहिल्या स्वस्त मॉडेलची मेमरी होती १२८ केबी. तुमच्या गुड मॉर्निंगच्या एका फोटोलासुद्धा ती पुरणार नाही. वाय-फाय नाही, सिम नाही. पाळण्यासारख्या स्टँडमध्ये ते ठेवायचं, बटण दाबायचं, की संगणकावरची माहिती त्यात उतरायची. याला 'हॉटसिंक' म्हणत. अशा यंत्रांना एकत्रित नाव होतं पीडीए.

१९९९ च्या अखेरीस त्यावर 'इपोक्रेट्स' नावाचा औषधकोश आला, डॉक्टरांसाठी फुकट. डोस, दुष्परिणाम, कोणत्या औषधाचं कोणाशी पटत नाही. रेसिडेंट मंडळींनी तो डोक्यावर घेतला. डोक्याबाहेरच्या मेंदूला पहिल्यांदाच बॅटरी लागली.

आणि इथे अमेरिकेतल्या मेडिकल ग्रंथालयांनी गंमतच केली. पुस्तकं सांभाळणारी ही माणसं यंत्रं सांभाळायला बसली. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात हॉटसिंकसाठी संगणक मांडले गेले. इन्फ्रारेडनं फाइल पाठवणारी ठाणी उभी राहिली. त्यांच्यासमोर पाम धरायचा की माहिती 'बीम' व्हायची. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना पुस्तकासारखा पीडीए घरी न्यायला मिळू लागला. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, कुठलं जुन्या आवृत्तीवर अडकलंय, याच्या याद्या निघाल्या. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वर्ग भरू लागले. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं चिमुकल्या पडद्यांसाठी पबमेडची साधी आवृत्ती काढली. बिलिंग्जची यादी आता तळहातावर आली.

यातलं जवळजवळ सगळं पुढे वाया गेलं. २००७ साली आयफोन आला, २००८ साली ॲप स्टोअर उघडलं, आणि पाळणे, ठाणी, बीमिंग ही सगळी व्यवस्था भंगारात गेली. पण ती करताना ग्रंथपाल एक गोष्ट शिकले, आणि ती टिकली. माणूस कॉलेजच्या इमारतीत नसतानाही तो आपला वाचक असतो.

दार उघडण्याचं काम

आता थोडं तांत्रिक, पण तुमच्या रोजच्या वापरातलं. कॉलेज जर्नलची वर्गणी भरतं तेव्हा प्रकाशक तुमचं नाव बघत नाही. मागणी इंटरनेटच्या कुठल्या पत्त्यावरून आली एवढंच बघतो. कॉलेजच्या पत्त्यावरून आली, तर लेख उघडतो. हॉस्टेलच्या बाहेरच्या टपरीवरून, स्वतःच्या डेटावरून आली, तर तोच लेख तीस-चाळीस डॉलर मागतो.

यावरचा सगळ्यात गाजलेला तोडगा एका ग्रंथपालानंच काढला. १९९९ साली ॲरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजचे ग्रंथपाल ख्रिस झॅगर यांनी 'ईझीप्रॉक्सी' लिहिलं. तुम्ही कुठूनही कॉलेजचा आयडी-पासवर्ड द्या. कॉलेजचा सर्व्हर मध्ये उभा राहतो आणि तुमच्या वतीनं मागणी करतो. प्रकाशकाला वाटतं, मागणारा वाचनालयातच बसलाय. जगभरच्या हजारो ग्रंथालयांनी ते वापरलं.

फोन आल्यावर हा दाराचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. आमच्या काउंटरवर येणाऱ्या दहा तक्रारींतल्या सात-आठ याच असतात. 'मॅडम, काल उघडत होतं, आज पैसे मागतंय.' मी आधी फोनच्या वरच्या पट्टीकडे बघते. वॉर्डातलं वाय-फाय क्षीण झालं की फोन गुपचूप स्वतःच्या डेटावर जातो, आणि दार बंद होतं. मुलाला वाटतं, कॉलेजनं वर्गणीच बंद केली. दुसरं नेहमीचं दुखणं 'अपटूडेट'चं. १९९२ पासूनचा हा ज्ञानकोश संस्थेच्या वर्गणीतून फोनवर घेता येतो, पण दर ९० दिवसांनी 'मी अजून त्याच संस्थेत आहे' हे कॉलेजच्या नेटवर्कवरून सिद्ध करावं लागतं. ९१ व्या दिवशी रात्री ड्यूटीवर ॲप रुसतं.

मग नावांचे घोळ. अमेरिकन स्रोतांत पॅरासिटामॉलचं नाव ॲसिटामिनोफेन असतं, ॲड्रेनलिनचं एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल. आपल्याकडे रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात, ब्रिटिश लेखात ती मिलिमोलमध्ये दिसते. घाईत असलेल्या इंटर्नला हे कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं बरं असतं. आणि टेलिग्रामवर फिरणारं फुकटचं पुस्तक दोन आवृत्त्या जुनं असलं, तर त्यातला डोसही दोन आवृत्त्या जुना असू शकतो, हेही.

एक शिष्टाचारही शिकवावा लागतो. खाटेशी उभं राहून डॉक्टर फोनमध्ये बघू लागला की नातेवाइकांना वाटतं, हा व्हॉट्सॲप बघतोय. त्यात त्यांची चूक नाही. मी मुलांना सांगते, फोन काढण्याआधी एक वाक्य बोला. 'आजी, तुमच्या औषधाचा डोस एकदा तपासून घेतो हं.' पुष्कळदा आजीच खूश होतात, की पोरगा खात्री करून घेतोय.

फोन-सेवा म्हणतात ती ही. दिसायला किरकोळ वाटते. पण ऑक्सफर्डची ती काही पावलं रोज कुठे ना कुठे पुन्हा तयार होत असतात, आणि कुणीतरी ती पुन्हा पुसावी लागतात.

लॉगिन कधी संपतं

आता खऱ्या दुखण्याकडे येते.

महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यांना वर्षभराची बंधपत्रित सेवा असते. आपण 'बॉण्ड' म्हणतो ती. कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात जातं, कुणी ग्रामीण रुग्णालयात. साडेपाच वर्षं सिनियर, प्राध्यापक, ग्रंथालय सगळं पन्नास पावलांवर होतं. आता पेशंटसमोर एकटं बसायचं. आणि साधारण ह्याच वेळी, इंटर्नशिप संपली म्हणून, कॉलेजचं लॉगिन बंद होतं. जेव्हा सगळ्यात कमी गरज होती तेव्हा दार सताड उघडं, आणि सगळ्यात जास्त गरज पडली तेव्हा बंद. यात कुणा एकाचा दुष्टपणा नाही. करार तसे लिहिलेले असतात, वर्गणी डोकी मोजून ठरते, आणि गेलेलं डोकं मोजणीतून वजा होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा कोकणातल्या आरोग्य केंद्रातून मेसेज आला. आदल्या रात्री विंचू चावलेला एक मुलगा आला होता. जिल्ह्याच्या सिनियरला फोन लावून तिनं उपचार केले आणि मुलगा सावरला. आता तिला त्यावर नीट वाचायचं होतं. लॉगिन बंद. 'मॅडम, काही पाठवता येईल का?'

या प्रश्नामागचा इतिहास ओळखीचा आहे. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं हृदयावर काय होतं, याचा अभ्यास रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी केला. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना पेशंटांच्या उशाशी रात्री काढल्या, आणि १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधानं विंचूदंशाचे मृत्यू कसे कमी होतात, हे त्यांच्याच कामानं जगाला कळलं. म्हणजे ज्ञान आरोग्य केंद्रातून निघालं आणि लंडनला पोहोचलं. तिथून आरोग्य केंद्रात परत यायला मात्र लॉगिन लागतं. लॅन्सेट हे वर्गणीचं जर्नल.

मी तिला बावस्करांचाच दुसरा निबंध पाठवला. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिलं तर काय फरक पडतो, ही चाचणी. तो २०११ साली 'बीएमजे'मध्ये आला आणि कुणालाही मोफत वाचता येतो. लिंक पाठवायला मला मिनिटभर लागलं. तो मोफत आहे हे माहीत असायला मात्र कुणीतरी ग्रंथालयात बसलेलं असावं लागतं.

उघडी दारं

हे दार उघडायचे प्रयत्न झालेले आहेत, नाही असं नाही. २००० साली 'पबमेड सेंट्रल' सुरू झालं, तिथले पूर्ण लेख मोफत आहेत. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं प्रकाशकांना बरोबर घेऊन 'हिनारी' आणलं आणि गरीब देशांतल्या संस्थांना जर्नलं फुकट किंवा नाममात्र दरात मिळू लागली. त्या यादीत भारत नव्हता. आपली एकूण अर्थव्यवस्था मोठी, म्हणून आपण गरीब नाही. पण आपल्याकडची काही मंडळी स्वतःच दारं उघडून बसली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आज कुणालाही फोनवर मोफत वाचता येतं.

अलीकडचं मोठं पाऊल म्हणजे 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं, आणि ती केंद्र व राज्य सरकारांच्या सुमारे ६,३०० उच्चशिक्षण व संशोधन संस्थांसाठी. लहान शहरातल्या सरकारी कॉलेजला जे कधीच परवडलं नसतं ते त्यात आलं. मी त्याचं मनापासून स्वागत करते. पण ही योजनाही संस्था मोजते, माणूस मोजत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे उच्चशिक्षण संस्था नव्हे. बॉण्डवरचा डॉक्टर याही दाराबाहेरच राहतो, आणि खाजगी दवाखाना टाकून तालुक्याला बसलेला तर त्याहूनही लांब.

माझं मागणं छोटं आहे. बॉण्डचं वर्ष संपेपर्यंत विद्यार्थ्याचं लॉगिन चालू ठेवा. सरकारनंच पाठवलेला माणूस सरकारी वर्गणीत वर्षभर जास्त बसला तर आभाळ कोसळणार नाही. प्रकाशकांशी बोलणी होतात तेव्हा हे एक कलम टेबलावर यायला हवं, आणि ते मागायला विद्यार्थी संघटनांनी आमच्यासोबत उभं राहायला हवं. पगारवाढ, हॉस्टेल आणि सुरक्षेच्या मागण्यांच्या यादीत ही एक ओळ मावेल.

तोवर तुम्ही मेडिकलला असाल, तर इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात अर्धा तास जा. लॉगिन बंद झाल्यावरही कुठले स्रोत उघडे राहतात, ते ग्रंथपालाकडून फोनमध्ये नीट लावून घ्या. ग्रंथपालाचा नंबरही घ्या. आमच्या विद्यार्थिनीकडे माझा होता.